लायसन्सवाल्याशी बोलायचं नाही

—नाही, नाही, तिथं नाही, खिडकीपाशी नाही उभं राहायचं, इकडं फाटकाजवळ या — हं, इथं. ती कुंडी आहे ना तिथं, तिला येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागतो, म्हणून म्हटलं. आणि ते गळ्यातलं कार्ड नका नाचवू माझ्यापुढं, लांबूनच वाचलंय मी. चिप्सच्या दुकानापाशी गाडी लावून उतरलात ना, तेव्हाच ओळखलं. शनिवारी दुपारी पॉलिश केलेले बूट घालून आमच्या गल्लीत दोनच जातीची माणसं येतात — एक देवाचं सांगणारी आणि दुसरे तुम्ही लायसन्सवाले. देवाचं सांगणारी निदान जोडीनं तरी येतात, बिस्किटं दिली तर खातात. काय? मिसेस स्टॅदर्स का? अहो, दारावर हाताएवढ्या अक्षरांत लावलंय — ‘टीव्ही लायसन्सवाल्यांना आत यायला मनाई’ — सबंध हेसल रोडवर असली पाटी दुसऱ्या कुणाच्या दारावर दिसली का? नाही ना? मग मीच. एव्हरिल स्टॅदर्स, लायसन्सविरोधी समिती, हल शहर शाखा, अध्यक्ष. आता कळलं कुणाच्या दारात आलात? मग वळा आल्या वाटेनं. — नाही, थांबा, थांबा, तिकडून नका जाऊ, खिडकीवरून नका जाऊ, तिथली फरशी हलते. इथंच उभे राहा. मला चार गोष्टी सांगायच्यात तुम्हाला. कधीपासून सांगायच्यात.

हसलात का? नाही, हसलात तुम्ही, मिशीत हसलात. काय काढताय खिशातून — अरे वा, आमचं पत्रक! बाजारातून घेतलंत? आणि आता मला वाचून दाखवणार — ‘पहिला नियम : लायसन्सवाल्याशी एक शब्दही बोलू नका. दार लावून घ्या.’ अहो, मीच लिहिलाय तो नियम, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलाय, माझाच नियम मला शिकवता? तो नियम साध्यासुध्या माणसांसाठी आहे. साधा माणूस दारात काही विचारलं की खरं बोलून मोकळा होतो, तुम्ही त्याच्यावरच तर जगता. मी साधी नाही. मी तुमचा कायदा कोळून प्यालेय. घरात टीव्ही असणं हा गुन्हा नाही — बरोबर? टीव्हीवर जे त्याच घटकेला चाललंय ते बघणं, तेवढ्याला वर्षाचे पैसे भरून लायसन्स लागतं — बरोबर? आमच्या घरात टीव्ही आहे, आहे की, नाही कशाला म्हणू, पण त्याच्यावर फुलदाणी ठेवलीय मी. तो आता टीव्ही नाही, फर्निचर आहे. हे मी शनिवारच्या बाजारात टेबल मांडून अख्ख्या हलला शिकवलंय, स्थानिक पेपरात फोटो आलाय माझा, आमचं शेवटचं लायसन्स कात्रीनं कापताना — कात्री काय मस्त आलीय त्याच्यात. तेव्हा मी बोललं तर चालतं.

आवाज? कसला आवाज? मला नाही ऐकू आला. पाऊस पडल्यासारखा? एवढ्या उन्हात? हां, तो — तो शेजारच्या मिसेस पॉस्किट चिप्स तळतायत. शनिवारी तळतात त्या. बटाटे तेलात सोडले की असाच कडकडाट होतो, टाळ्या वाजवल्यासारखा — म्हणजे टाळ्यांसारखा नाही, तळल्यासारखाच. झाला बघा बंद. तळून झाले.

तर काय सांगत होते? हां, खरं काय ते सांगते, तुम्हीही पोट भरायला करता, मला कळतं, पण तुम्हाला लाज कशी वाटत नाही? पिठाच्या गिरणीवाल्यानं कधी म्हटलंय का, की तू पलीकडच्या गिरणीत दळलंस तरी माझे पैसे आधी टाक, नाहीतर कोर्टात खेचतो? तुमचं ते टीव्हीचं महामंडळ, लायसन्सचे पैसे ज्याच्या घशात जातात ते, तेच म्हणतं. मी दुसरं चॅनेल बघेन, तरी पैसे यांना. मी यांचं तोंडही बघणार नाही, तरी पैसे यांना. आणि ते पैसे घेऊन करतात काय, तर लंडनमध्ये बसून आम्हाला शहाणपण शिकवतात. आमच्यासारखं बोलणारा एक माणूस दाखवा त्यांच्यात. असतो की, मालिकेत असतो, दारू पिऊन बायकोला मारणारा. म्हाताऱ्यांना लायसन्स फुकट असायचं, तेही काढून घेतलं. आणि वर म्हणतात हे सगळ्यांचं आहे, देशाचं आहे. अहो, सगळ्यांचं आहे तर मग दाराशी येऊन धमकावता कशाला? चांगलं असेल तर माणसं आपणहून देतील. मासळी चांगली असली की आमच्या बाजारात कुणाला दंड भरायची भीती घालावी लागत नाही.

नाही, मी चिडलेली नाही. हा माझा नेहमीचा आवाज आहे. मोठा आहे, असू दे मोठा. मासळीच्या कारखान्यात यंत्रापाशी उमेदीची वर्षं घालवलीत, हळू बोलायची सवय नाही. तुम्हाला त्रास होतोय का? तुम्ही सारखे खिडकीकडे का बघताय? माझ्याकडे बघा.

जॅनिन स्टॅदर्स — हे नाव माहितीय का तुम्हाला? नसणारच. तुमच्या लेखी ती वहीतली एक केस. आमची पोरगी. म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायची, जेवायला घालायचं, गोळ्या द्यायच्या, हे काम करायची. असं काम सगळ्यांना जमत नाही, मला नाही जमलं असतं. तर एका म्हातारबाबांकडे होती, त्यांना अर्धा घास भरवलेला, आणि बेल वाजली. उठून दार उघडलं. दारात तुमच्यासारखाच एक, बूट असेच. आमच्या पोरीचा स्वभाव असा की बाहेर थंडी आहे म्हणून आत बोलावलं, चहा दिला — चहा दिला हो त्याला! — आणि तो काय म्हणाला माहितीय? ‘छान टीव्ही आहे हो, कोण जिंकतंय?’ ही म्हणाली, मला नाही कळत त्यातलं, बाबांसाठी लावलाय. झालं. ‘लावलाय’ म्हणाली ना? सही करा इथं. कुणाच्या नावावर केस? म्हातारबाबांच्या? छे! दार जो उघडेल त्याचं नाव. घर तिचं नाही, टीव्ही तिचा नाही, बघत ती नव्हती — पण दार तिनं उघडलं. आणि दार कोण उघडतं हो घरोघरी? बायका. पुरुष वर झोपलेला असतो नाहीतर बाहेर गेलेला असतो, आणि बाई हात पुसत दार उघडते. म्हणून तुमच्या केसेसमध्ये बायकाच बायका. कोर्टही धड नाही, एका खोलीत एक माणूस कागद बघून निकाल देतो, तिचं तोंडसुद्धा बघितलं नाही त्यानं. दंड आम्ही भरला असता, दंडाचं काही नव्हतं. पण ज्या एजन्सीकडून ती जायची त्यांनी म्हटलं, कोर्टाचा ठपका असलेली बाई आम्ही कुणाच्या घरात पाठवायची कशी? आता ती गोदामात खोकी भरते. म्हातारबाबा तिला बरेच दिवस विचारत होते म्हणे, जॅनिन का येत नाही. त्या दिवशी मी ठरवलं, या घरातून तुमच्या महामंडळाला पुन्हा काही जायचं नाही. मी मेले तरी.

—ऐकलंत? सॉरी. ती शिवी तुम्हाला नव्हती. आतून आली. नाही, भांडण नाही चाललेलं, आमचा क्लिफ आहे तो, माझा नवरा. तो — त्याला गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं बोलणं. गोदीवर बोटीतून मासळी उतरवायचा, सबंध धक्क्यावर त्याचा आवाज असायचा, आणि आता माझं नावसुद्धा येत नाही त्याला. एक ती शिवी तेवढी शाबूत राहिलीय. डॉक्टर म्हणाले असं होतं, शिव्या मेंदूत दुसरीकडे असतात. माझं नाव आणि शिवी एके ठिकाणी असती तर बरं झालं असतं, तसाही दोन्ही बरोबरच वापरायचा तो! … नका, नका वाईट वाटून घेऊ. तुमच्या तोंडी शोभत नाही. दर मंगळवारी एक बाई येते, चित्रांचे पत्ते घेऊन, मांजर दाखवते, केळं दाखवते, म्हणा केळं. हा पत्ते भिरकावून देतो. क्लबातला स्नूकरचा कॅप्टन होता हो तो, काठी कशी धरायची ते अर्ध्या गल्लीला यानं शिकवलं, आणि त्याला केळं दाखवायचं. मीही भिरकावले असते.

काय म्हणालात? बाजारातून आलात, आणि आमच्या टेबलापाशी दुसऱ्याच कुणी बाई होत्या? हो, मग? सर्दी झालीय मला. अध्यक्षाला सर्दी होत नाही का? — होय, गेल्या शनिवारीही नव्हते गेले. तेव्हाचीच सर्दी. तुम्ही माझ्या सर्दीवर पाळत ठेवून आहात का? आणि आज कोण जाणार बाजारात, आज सेमी-फायनल असताना — म्हणजे लोक जात नाहीत असं म्हणायचंय मला. लोक. शेफिल्डला स्पर्धा आहे ना स्नूकरची, पेपरात येतंच की. वेल्सच्या पोरानं सकाळी सोपा लाल चेंडू चुकवला, तेही — तेही पेपरातच —

सकाळचं पेपरात कसं येईल, असंच म्हणताय ना मनात. म्हणा.

‘लाल’ म्हणाला तो. हो, ऐकलंय मी, मला काय कान नाहीत? रंग म्हणतो. डॉक्टरांनीच सांगितलंय, रंग म्हणायला लावा. घरात लाल काय कमी आहे, पडदे लाल आहेत. आणि ती कुजबुज — ती — हे बघा, तुम्ही कधी स्नूकर ऐकलंय का? टीव्हीवर खेळ सांगणारे एवढं हळू बोलतात की जसं काही पाळण्यात पोर झोपलंय. ते ऐकू यावं म्हणून आवाज वाढवावा लागतो, आणि मग एकदम लोक टाळ्या वाजवतात आणि — बरं. बरं. मिसेस पॉस्किटनी गेल्या महिन्यातच चिप्स सोडले, कोलेस्टेरॉल झालंय त्यांना. झालं समाधान?

थांबा. लिहू नका अजून. थांबा म्हणते ना. मी सांगते तुम्हाला, आणि हे ऐकून घ्या, मग काय खरडायचं ते खरडा. स्पर्धा सुरू झाली त्या दिवशी जॅनिन आली होती. मला म्हणाली, आई, बाबांना स्नूकर लावून दे, मी गुपचूप लायसन्सचे भरते, कुणाला कळणार नाही. मी म्हटलं, ज्यांनी तुझं नाव कोर्टात घातलं त्यांना तू पैसे देणार? तू? ती म्हणाली, बाबांसाठी. मी म्हटलं, घराबाहेर काढीन तुला. मग तिनं लॅपटॉपवर जुन्या मॅच लावल्या, जुन्याला काही लागत नाही, मीच पत्रकात लिहिलंय. दोन फटके बघितले असतील क्लिफनं. तोंड फिरवलं आणि शिवी दिली. त्याला कळतं हो. झालेलं काय आणि होतंय काय, हे त्याला कळतं. जॅनिन रडत गेली. ती गेली, मी दार लावलं, फुलदाणी उचलली आणि टीव्ही लावला.

मी लावला. चोरासारखा, पडदे ओढून. आणि तुम्हाला म्हणून सांगते, दुसऱ्याच दिवशी — मी मटार सोलत होते — मागून आवाज आला, ‘पिवळा.’ मी म्हटलं टीव्हीतलाच आला. बघते तर हा. बोट टीव्हीकडे. ‘पिवळा.’ तुम्हाला माहितीय ना खेळ? सगळे लाल चेंडू संपले की शेवटी सहा रंगांचे सहा उरतात आणि ते ओळीनंच भोकात घालवावे लागतात. पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. एक चुकला की पुढचा नाही. ह्याचंही तस्संच चाललंय. आधी नुसता पिवळा. मग हिरवा आला. तपकिरी फार अवघड गेला, घामाघूम व्हायचा, पण आला. परवा निळा आला. गुलाबीपाशी अडतो. ओठ जुळवतो, गाल फुगवतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि शेवटी शिवी. मी पत्त्यांवाल्या बाईला काय सांगितलं माहितीय? मी बागेतली फुलं दाखवते म्हणून येतंय. बागेत आहे काय माझ्या, ही एक कुंडी. कुणाला सांगणार मी? जॅनिनला सांगितलं तर टीव्ही लावला ते कळणार, समितीला तर नावच नको. नवऱ्याच्या तोंडात चार शब्द आले आणि ते मी चोरीच्या मालासारखे लपवून ठेवलेत.

मग भरा की लायसन्स, असं म्हणताय? नाही भरणार. दोन्ही करणार मी. त्याला लावून देणार आणि तुम्हाला काही देणार नाही. अन्याय तो अन्यायच, त्याच्यातून माझ्या घरात काही बरं झालं म्हणून तो काही न्याय होत नाही. समजलं? आणि तुमच्या महामंडळाचे आभारही मानणार नाही. ते चेंडू त्यांनी घालवलेले नाहीत.

काय? काय विचारलंत? — कोण पुढे आहे? अहो, तुमची हिंमत कशी — हेच! हेच विचारलं होतं जॅनिनला, अगदी ह्याच सुरात! खरंच जाणून घ्यायचंय म्हणे! तुमचे वडीलही खेळायचे? असतील खेळत, सगळ्यांचेच वडील खेळायचे. वेल्सचा पोरगा. पुढे. घ्या, सांगितलं, आता लिहा ‘बाईनं स्कोअर सांगितला’. आणि गाडीत बसून —

श्श.

टाळ्या थांबल्या. लाल संपले वाटतं. … नाही, हलू नका, बुटांचा आवाज होतोय तुमच्या.

पिवळा. म्हणाला ना? … हिरवा. … हा वेल्सचा पोरगा फार वेळ घेतो, खडू लावत बसतो. … तपकिरी. बघा, किती स्पष्ट म्हणाला. … निळा. … आता अडेल. रोज इथंच अडतो. आता शिवी येईल, तयारीत राहा, वाईट नका वाटून —

…

…

ऐकलंत?

नाही, नीट सांगा. मला नुसतं ऐकल्यासारखं वाटलं, की खरंच म्हणाला? काय म्हणाला? तुमच्या तोंडानं सांगा. — गुलाबी. गुलाबी म्हणाला ना! टीव्हीतला नाही, टीव्हीतला माणूस लंडनचा आहे, हा आमच्याकडचा आवाज, हा क्लिफचा आवाज आहे, अख्ख्या गोदीला ऐकू जायचा तो. म्हणाला. माझ्या नवऱ्यानं म्हटलं.

हे काय? वही का मिटताय? ‘मला काही ऐकू आलं नाही, मिसेस स्टॅदर्स’? खिशात घालताय? उपकार करताय माझ्यावर? काढा. काढा ती वही बाहेर! मला तुमची दया नको, कळलं? तुम्ही जर लिहिलंत की या घरात काही ऐकू आलं नाही, तर मग तोही बोलला नाही असं झालं. तुम्ही एकटेच होतात माझ्याबरोबर. दुसरं कुणी ऐकलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी सांगू शकत नाही. तेव्हा लिहा. टीव्ही चालू होता. तुमचंच चॅनेल होतं. आणि आतला माणूस ‘गुलाबी’ म्हणाला. दोन्ही लिहा, एक गाळून दुसरं नाही. नाव माझं घाला, त्याचं नाही. दार मी उघडलंय ना? मग जो दार उघडेल त्याचं नाव. कुठं करू सही? … द्या ते पेन.

झालं. आता चला, निघा. काळा राहिलाय अजून.